पित्ताची गोळी आणि माझा चुकलेला हिशोब



गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या नेरुळच्या मंदिरात दुपारच्या स्वाध्यायानंतर आम्ही सहा-सात जणी मागच्या ओट्यावर टेकलो होतो. कोणाचा उपवास, कोणाचं एकाशन, एकीचा तर तिसरा निर्जळी उपवास. बोलता बोलता एकीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि शेजारच्या काकूंच्या हातात एक गोळी ठेवली. "काकू, उद्या उपवास ना तुमचा? मग आज सूर्यास्ताआधी ही घेऊन टाका. दिवसभर जळजळ नाही की आंबट ढेकर नाही." काकू म्हणाल्या, "अगं, माझ्याकडे आहे की! रोज घेते मी." मग कळलं की आमच्यापैकी चौघी जणी ती गोळी रोज घेतात. का घेतात, हे दोघींना सांगता आलं. कधीपर्यंत घ्यायची, हे एकीलाही नाही.

मी गप्प बसले. गप्प बसणं माझा स्वभाव नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या विषयावर एकदा तोंड उघडून माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. ती आज सांगणार आहे, पण क्रमाने. बी.कॉम. झालेल्या बाईला शेवटची ओळ आधी वाचायला आवडत नाही.

माझी गोळी सुरू झाली गुडघ्यामुळे. गुडघेदुखीसाठी दहा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या मिळाल्या आणि त्या पोटाला लागू नयेत म्हणून सोबत पँटोप्राझोल ४०, तीही दहाच दिवस. गुडघ्याची गोळी संपली. पोटाची मात्र चालूच राहिली, कारण बरं वाटत होतं. लग्नातली पंगत असो की शंकरपाळ्यांचा डबा, काहीही खाल्लं तरी चालत होतं. कोपऱ्यावरचा औषधवाला नाव न विचारता पट्टी पुढे करायचा. पट्टीवर उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असा आहे. पण ना त्याने ती रेघ पाहिली, ना मी. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन विसरून जावं आणि दर महिन्याला पैसे कापले जावेत, तशी ती गोळी सात वर्षं चालली.

मग तळपायाला मुंग्या यायला लागल्या. रात्री पायात सुया टोचल्यासारखं व्हायचं. गॅस बंद केला की नाही ते आठवेना. पूजेत रोजचा पाठ म्हणताना मधलीच ओळ गळायला लागली, तेव्हा मी घाबरले. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. मुलीने हट्टाने रक्त तपासायला लावलं आणि बी-१२ फारच खाली निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, "काही नाही हो, फक्त पित्ताची गोळी." त्यांनी पेन खाली ठेवलं. "फक्त?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ज्याला मी सात वर्षं शत्रू समजत होते, ते आम्ल शरीराने उगाच बनवलेलं नाही. आधी एक सांगते, आपण ज्याला 'पित्त' म्हणतो ते हे नव्हे. डॉक्टरांच्या भाषेतलं पित्त यकृतात तयार होतं आणि जठराच्या पुढे आतड्यात उतरतं. छातीत जळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. ते साधंसुधं नाही, हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे. आमचे हे ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कारखान्यात तीस वर्षं होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, आमच्याकडे ते हाताळायला गॉगल आणि हातमोजे लागायचे!" पोटात दिवसाकाठी साधारण दोन लिटर जठररस तयार होतो. रक्ताशी तुलना केली तर तिथे आम्लाचा अंश दहा लाख पटींहून जास्त असतो. जठर स्वतः त्यात का विरघळत नाही? कारण आतून चिकट स्रावाचा जाड थर असतो, त्या थरात सोड्यासारखा क्षार असतो, आणि आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवीन होत राहतं.

हे आम्ल बनवणाऱ्या खास पेशी जठराच्या भिंतीत असतात. त्यांना कामाला लावणारे निरोप तीन. एक येतो मेंदूकडून, मज्जातंतूवाटे. दुसरा गॅस्ट्रिन नावाच्या संप्रेरकाचा, तो जठराच्या खालच्या भागातून रक्तावाटे येतो. तिसरा शेजारच्याच पेशींकडून येणाऱ्या हिस्टामिनचा. निरोप कुठूनही आला तरी शेवटी काम करतो तो पेशीतला एक पंप. तो आम्लाचा कण बाहेर ढकलतो आणि बदल्यात पोटॅशियमचा कण आत घेतो. एक गेला, एक आला. मला तर ही डबल एंट्रीच वाटली.

मेंदूचा निरोप यायला घास पोटात जावाच लागतो असं नाही. वास, दिसणं, नुसता विचारही पुरतो. रशियातल्या पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवलं आणि पचनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं. (त्या मुक्या जिवांना जे सोसावं लागलं ते वाचून मला अन्न गोड लागलं नाही, तेही लिहून ठेवते.) जेवणाच्या वेळी जे आम्ल सुटतं त्याचा जवळपास तिसरा हिस्सा घास गिळण्याआधीच्या या निरोपाने सुटतो. आता सांगा, उपवासाच्या दिवशी घरच्यांसाठी फोडणी कोण घालतं? नातवासाठी पुऱ्या कोण तळतं? आपणच. पुरुष उपवास करतात ते मंदिरात बसून आणि आपण करतो ते कढईपुढे उभं राहून. आपल्यालाच जास्त का जळजळतं, याचं निदान एक कारण मला इथे सापडलं. आमच्याकडे आता माझ्या उपवासाच्या दिवशी सूनबाई किंवा आमचे हे स्वयंपाक करतात. हे केलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता औषधांकडे वळते. सगळ्या 'पित्ताच्या गोळ्या' एकसारख्या नसतात. पातळ गुलाबी औषध किंवा चघळायची गोळी, म्हणजे अँटासिड, तयार झालेलं आम्ल निकामी करते. लगेच आराम, पण तेवढ्यापुरताच. त्यातल्या मॅग्नेशियमने पोट सुटतं आणि ॲल्युमिनियमने धरतं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. फसफसणारी पूड म्हणजे मुख्यतः सोडा, त्यात सोडियम भरपूर, तेव्हा ब्लडप्रेशरवाल्यांनी जपून. दुसरा प्रकार हिस्टामिनचा निरोप अडवतो. तिसरा, आपल्या पर्समधला, थेट पंपच बंद पाडतो.

या औषधांची मी कृतघ्न नाही. माझ्या मामांना अल्सर झाला तेव्हा मिरजेला पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं होतं, आणि ते पुढे आयुष्यभर वाटीभरच जेवत. तो काळच तसा होता. ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टामिन अडवणारं सिमेटिडीन शोधलं, ते १९७६ मध्ये बाजारात आलं आणि ऑपरेशनं झपाट्याने कमी झाली. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच मालिकेतलं रॅनिटिडीन आपल्या प्रत्येकीच्या घरात होतं. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए नावाची, कर्करोगाचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी सापडल्याची बातमी आली. २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला सांगितलं आणि आपल्या सरकारने २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं. मग उरला पंप बंद करणारा वर्ग, ज्याची सुरुवात १९८८ मध्ये स्वीडनच्या ओमेप्राझोलने झाली. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ईसोमेप्राझोल ही सगळी त्याचीच भावंडं.

ही गोळी काम कसं करते हे कळल्यावर मी कपाळाला हात लावला. मी सात वर्षं ती जेवणानंतर घेत होते! ती पोटात नव्हे तर आतड्यात विरघळते, रक्तावाटे परत त्या पेशींपर्यंत येते आणि फक्त चालू असलेल्या पंपालाच कुलूप लावते. पंप चालू होतात जेवणाने. म्हणून ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. चावायची नाही, कुटायची नाही, नाहीतर वरचं आवरण फुटून औषध जठरातच नासतं. आणि उपवासाच्या दिवशी बहुतेक पंप झोपलेले असतात. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ती इतक्या भक्तिभावाने घेतो, त्याच दिवशी तिला फारसं काम नसतं.

आता बी-१२ कडे येते, कारण आपल्यासाठी खरा धोका तिथे आहे. बी-१२ वनस्पतींत नसतं. मांस-मासे-अंडी आपल्याकडे नाहीत, म्हणजे उरलं दूध, दही, ताक, पनीर. दुधातलं बी-१२ प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं आणि त्याला सोडवायला आम्ल लागतं. आधीच जमेची बाजू एवढीशी, त्यात आम्लच बंद केलं तर त्या एवढ्याशातलंही पुरेसं अंगी लागत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तिच्यानेही बी-१२ कमी होतं. शाकाहारी, मेटफॉर्मिन आणि वर पित्ताची गोळी, अशा किती जणी आपल्या मंदिरात आहेत ते मोजून बघा. 'वय झालं' म्हणून आपण ज्या विसरभोळेपणावर हसतो, त्यात किती विसरभोळेपणा वयाचा आणि किती या रिकाम्या खात्याचा? वेळीच पाहिलं तर हे भरून निघतं, फार उशीर केला तर मज्जातंतूंची इजा पुरती भरत नाही. माझ्या मुंग्या इंजेक्शनांनी गेल्या. डाव्या पायाच्या दोन बोटांत मात्र अजून बधिरपणा आहे.

पालेभाजीतलं लोह आणि साध्या कॅल्शियमच्या गोळ्या यांनाही आम्लाची मदत लागते. मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते, ही सूचना या औषधांच्या माहितीपत्रकात घालायला औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये सांगितलं. हाडं मोडण्याशीही संबंध जोडला जातो, पण इथे मी जरा थांबते. दोन आकडे एकत्र वाढले म्हणजे एकाने दुसऱ्याला वाढवलं असं होत नाही, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. व्हॉट्सॲपवर 'पित्ताच्या गोळीने स्मरणशक्ती जाते' म्हणून जे फिरतं, ते तसंच्या तसं खरं नाही. घाबरून गोळी फेकू नका. आता त्याचीच गोष्ट सांगते.

डॉक्टरीणबाईंनी माझी गोळी एकदम नाही थांबवली. ४० ची २० केली, मग एकाआड एक दिवस, मग लागेल तेव्हा. तरी पहिले दोन आठवडे छातीत भट्टी पेटल्यासारखं झालं. मला वाटलं आजार परत आला, पण तो आजार नव्हता. इतकी वर्षं आम्ल दाबलं म्हणून शरीराने गॅस्ट्रिन वाढवून ठेवलेलं असतं, आणि कुलूप निघालं की पंप दुप्पट जोमाने धावतात. काही आठवड्यांत ते शांत होतं. बहुतेक जणी नेमक्या याच टप्प्यावर 'मला गोळीशिवाय जमतच नाही' म्हणून पट्टी पुन्हा आणतात. मी अँटासिडवर निभावलं, उशाकडची बाजू उंच केली, दुपारचा दुसरा चहा सोडला. सुटले.

आणि सुटल्याच्या आनंदात सगळ्यांना सांगत सुटले. सांगलीला गेले तेव्हा थोरल्या जाऊबाईंच्या देवघरात बसून तासभर भाषण ठोकलं. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत, हे मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात ते जुळलंच नाही. जाऊबाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, पण माझ्या शिक्षणावर त्यांचा फार विश्वास. "तू शिकलेली आहेस, तू म्हणतेस तर खरंच असणार," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली. महिन्याभराने पुतण्याचा फोन आला. शौचाला डांबरासारखी काळी होत होती आणि त्यांना चक्कर येऊन त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी जठरात व्रण पडून रक्तस्राव झाला होता. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, चार दिवस आयसीयू. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पोटाची गोळी कुणी बंद करायला सांगितली?" जाऊबाई म्हणाल्या, "माझी मीच केली." माझं नाव घेतलं नाही.

म्हणून त्या दिवशी मंदिरात मी गप्प बसले. पण घरी येऊन वाटलं, गप्प बसणं हाही उपाय नाही. माझं मत आज पुरतं पक्कं झालं आहे, ते असं. ही गोळी वाईट नाही, तारखेशिवायची गोळी वाईट. जिला ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध आहे, जिला आधी अल्सरमधून रक्त गेलं आहे, जिची अन्ननलिका आम्लाने खराब झाली आहे, तिच्यासाठी ती वर्षानुवर्षं चालणारं संरक्षण आहे. बाकीच्यांनी डॉक्टरांना सरळ विचारावं, "ही कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत?" आणि ती तारीख पट्टीच्या मागे पेनाने लिहावी. गोळी लांबणारच असेल तर वर्षातून एकदा बी-१२ बघावं. बी-१२ च्या गोळ्यांना सुटं व्हायला आम्लाची गरज नसते, तेव्हा त्या उपयोगी पडतात. पुन्हा पुन्हा व्रण होत असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्यावी. ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन यांना याच शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला! त्यापूर्वी आपल्या रेल्वेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये लिहिलं होतं की भात खाणाऱ्या दक्षिणेत अल्सर जास्त आणि पोळी-रोटी खाणाऱ्या पंजाबात कमी, कारण रोटी चावावी लागते आणि लाळ मिसळते. जंतू सापडल्यावर तो विचार मागे पडला. सावकाश चावून खाण्यात मात्र तोटा काहीच नाही.

सूर्यास्ताआधी जेवावं, हे मी इथे आरोग्याचा उपाय म्हणून सांगावं अशी काहींची अपेक्षा असेल. झोपण्याआधी तीन तास पोटात काही नसावं असं डॉक्टर सांगतात, आणि आपलं ते आपोआप होतं, हे खरं. पण आपण रात्रीभोजन सोडलं ते जीवदयेसाठी, ॲसिडिटीसाठी नव्हे. प्रत्येक नियमाला वैद्यकीय प्रमाणपत्र चिकटवायची ही जी नवी हौस आली आहे, ती मला आवडत नाही. उद्या एखाद्या अभ्यासात फायदा दिसला नाही तर नियम सोडणार का?

उपवासाचं तेच. सोळा कारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे, शक्तीप्रमाणे तप. जिचं शरीर गोळीशिवाय उपवास झेपू देत नाही, तिने एकाशन करावं आणि डॉक्टरांना वेळ विचारून गोळी त्या जेवणाशी जुळवावी. गोळीच्या जोरावर आठ उपवास करून त्याची मिरवणूक काढण्यात तप किती आणि मान किती, हे ज्याचं त्याने पाहावं. मीही एका वर्षी अशीच पाच उपवास करून हार घालून घेतले आहेत, म्हणून हे बोलायचा थोडा अधिकार आहे.

एक राहिलंच. गोळी आणि कॅप्सूल यांत फरक आहे. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेलं असतं, आणि औषधाच्या पट्टीवर बिस्किटाच्या पुड्यासारखा हिरवा ठिपका नसतो. पचनाच्या काही गोळ्यांत पॅन्क्रिएटिन असतं, तेही जनावराचं. साधं पँटोप्राझोल टॅब्लेटमध्ये मिळतं, वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही निघाल्या आहेत. डॉक्टरांना आधीच सांगितलं तर ते बदलून लिहून देतात, फक्त आपण संकोच करतो. जिथे जिवाचा प्रश्न असेल आणि पर्याय नसेल तिथे काय करायचं, तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग आहे, मी सांगणारी कोण!

जाऊबाई आता बऱ्या आहेत. सकाळी साडेसातला गोळी घेतात, सव्वाआठला नाश्ता करतात. घेतली की मला फोन येतो. "घेतली गं." मी म्हणते, "पाण्याबरोबर ना? चावली नाही ना?" त्या हसतात. इथे नेरुळला आमच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणांच्या खाली मी त्यांच्या गोळीची खूण करते. या महिन्यात एकही चुकलेली नाही.